निळ्या माणसाचं चित्र कोणाच्या कामाचं?

'प्राचीन ब्रिटन' म्हटलं की डोळ्यांपुढे येणारं चित्र जवळजवळ ठरलेलं आहे. उघडाबंब, दांडगा माणूस, अंगभर निळी नक्षी, खांद्यावरून लोंबणारं जनावराचं कातडं, हातात भाला. मागे धुक्यात स्टोनहेंज आणि त्याच्या आसपास पांढरी दाढी, पांढरा झगा असलेला ड्रुइड पुरोहित. शाळेच्या पुस्तकात हाच माणूस भेटतो, टीव्हीवरच्या मालिकांत हाच आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडून चित्र काढवून घ्यावं तर बहुधा तीही हाच माणूस पुढे करते.

या चित्राचा माग काढत मागे जावं तर आपण लोहयुगात, म्हणजे रोमन येण्याआधीच्या काळात, पोचत नाही. पोचतो 1815 मधल्या पोशाखचित्रांच्या एका पुस्तकापाशी आणि त्याच्याही मागे 1590 मधल्या एका पुस्तकापाशी. माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. ही जुनी पोशाखचित्रं जपावीत, प्रदर्शनांत लावावीत, त्यांच्या सुबकपणाचं कौतुकही करावं, पण प्राचीन ब्रिटन लोक असे दिसत होते असं सांगण्यासाठी ती वापरणं थांबवावं. आणि नवी चित्रं काढायचीच असतील (काढायलाच हवीत), तर सुरुवात त्या लोकांच्या अंगापासून न करता त्यांच्या कामापासून करावी: विणकाम, धातुकाम, सुतारकाम, टोपल्या, शेती. कारण पुरावा तिथे आहे. अंगाबद्दल आपल्याकडे आहे ती मुख्यतः परक्यांची साक्ष, आणि त्यातही शत्रूची.

या साक्षीदारांत पहिला मान रोमन सेनापती ज्युलियस सीझरचा. इसवी सनापूर्वी 55 आणि 54 अशी लागोपाठ दोन वर्षं तो फौज घेऊन ब्रिटनमध्ये उतरला. दुसऱ्या खेपेला थेम्स ओलांडून थोडा उत्तरेला सरकला आणि हिवाळ्याआधी परत फिरला. आपल्या युद्धवृत्तान्तात तो लिहितो, की सगळे ब्रिटन अंगाला निळा रंग लावतात, त्यामुळे लढाईत ते भयंकर दिसतात. केस लांब वाढवतात, डोकं आणि वरचा ओठ सोडून बाकी अंग भादरतात. आतल्या मुलखातले बहुतेक लोक धान्य पेरत नाहीत, दूध आणि मांसावर जगतात, कातडी पांघरतात. हा 'आतला मुलूख' त्याने पाहिलाच नव्हता. केंटमध्ये त्याच्या सैनिकांवर छापा पडला तो ते शेतातलं उभं पीक कापत असताना, हेही त्याच वृत्तान्तात आहे. म्हणजे जिथे तो स्वतः गेला तिथे शेती होती आणि जिथे गेला नाही तिथले लोक कातडी पांघरत होते.

पुढे काही दशकांनी भूगोलकार स्ट्रेबोने ब्रिटनच्या मालाची यादी दिली. तिच्यात पहिलं नाव धान्याचं आहे, मग गुरं, सोनं, चांदी, लोखंड. जोडीला कातडी, गुलाम आणि शिकारी कुत्री. हॅम्पशरमधल्या डेनबरीच्या गडावर पुरातत्त्वज्ञ बॅरी कनलिफ यांनी 1969 ते 1988 अशी वीस वर्षं खोदकाम केलं. तिथे खडूच्या खडकात खणलेली धान्याची पेवं इतकी निघाली, की त्यांचा हिशेब हजारांत करावा लागतो. पीटर रेनॉल्ड्स यांनी 1972 मध्ये त्याच परगण्यात बट्सरला प्रयोगशेती सुरू केली आणि तशी पेवं खणून, भरून, बंद करून पाहिली. कडेचे दाणे थोडे मोडावतात, आतला प्राणवायू संपवतात आणि उरलेलं धान्य वसंतापर्यंत टिकतं. आपल्याकडे ज्यांच्या आजोळी पेव होतं त्यांना हे वेगळं सांगायला नको. सीझरच्या कातडीवाल्या माणसाला मात्र पेव कधी मिळालं नाही, कारण चित्रकारांनी सीझर वाचला होता आणि पेवं अजून जमिनीत होती.

1590 मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफुर्टमध्ये थिओडोर द ब्राय या नक्षीकाराने अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचं सचित्र वर्णन छापलं. मजकूर टॉमस हॅरियटचा, चित्रं जॉन व्हाइटच्या जलरंगांवरून कोरलेली. हा व्हाइट इंग्रजांच्या रोआनोक वसाहतीचा गव्हर्नर होता. त्याने तिथले मूळ रहिवासी प्रत्यक्ष पाहून रंगवले होते आणि ती चित्रं आजही त्या लोकांबद्दलचा मोलाचा पुरावा मानली जातात. पुस्तकाच्या शेवटी मात्र पाच वेगळीच चित्रं जोडलेली आहेत. ती ब्रिटनमधल्या प्राचीन पिक्ट लोकांची. उघडे, गोंदलेले, हातात कापलेली मुंडकी. ती इथे कशाला, याचं उत्तर पुस्तकानेच दिलं आहे: ग्रेट ब्रिटनचे रहिवासीही एके काळी व्हर्जिनियातल्या लोकांइतकेच रानटी होते हे दाखवायला.

हे वाचून क्षणभर बरं वाटतं. गोरा माणूस आपल्याच पूर्वजांना त्यांच्या पंगतीत बसवतोय, किती हा मोठेपणा! पण वसाहतीसाठी पैसा आणि माणसं गोळा करायच्या पुस्तकात हा मोठेपणा आला, हे विसरून चालणार नाही. आम्हीही असेच होतो, कोणीतरी येऊन आम्हाला सुधारलं, आता आम्ही तुम्हाला सुधारणार, अशी ती साखळी आहे. पूर्वज जितका उघडा दाखवावा तितका हा दाखला पक्का होतो.

त्याच सुमाराचं एक छोटं चित्र अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. झाक ल मॉइन या फ्रेंच चित्रकाराचं, पिक्ट मुलीचं. पोरगी डोंगरमाथ्यावर भाला धरून उभी आहे आणि तिच्या नग्न अंगावर गळ्यापासून घोट्यापर्यंत फुलं गोंदलेली आहेत. ल मॉइन फुलांचा चित्रकार म्हणूनही नावाजलेला होता, त्यामुळे फुलं ओळखू येतात. त्यांत ट्यूलिप आहे, जे पश्चिम युरोपात तेव्हा तुर्कस्तानाकडून नुकतंच पोचत होतं. आपली गुलबाक्षीही आहे, आणि ती तर मूळची अमेरिकेची. प्राचीन पिक्ट मुलीच्या अंगावर सोळाव्या शतकातल्या शौकिनाची बाग फुलली आहे. चित्र अप्रतिम आहे. फक्त ते पिक्ट लोकांबद्दल काही सांगत नाही, 1585 च्या आसपासच्या बागांबद्दल पुष्कळ सांगतं.

निळ्या रंगाबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. सीझरच्या त्या निळ्याचा संबंध बहुतेक अभ्यासक वोड नावाच्या झुडपाशी जोडतात. त्याच्या पानांतून निघणारं रंगद्रव्य आणि आपल्या नीळीतलं रंगद्रव्य रसायन म्हणून एकच. पुढे हिंदुस्थानातली नीळ जहाजांनी युरोपात पोचली तेव्हा तिकडच्या वोडवाल्यांचे धाबे दणाणले ते त्यामुळेच. ही पानं कुटून, कुजवून, कुंडात मुरवून रंग काढणं हे रंगाऱ्याचं काम आहे. त्यात वेळ, दर्प आणि कसब तिन्ही लागतं, आणि हा रंग खरा धरतो तो लोकरीवर, सुतावर. कातडीवर तो तितका टिकत नाही हे आजकाल हौसेने वोड फासून बघणारेही सांगतात. मग ज्या लोकांना निळा रंग काढता येत होता त्यांच्याकडे रंगवायला कापड असणारच, हा विचार चारशे वर्षांत किती चित्रकारांना सुचला? सगळ्यांनी तो निळा उचलला आणि अंगावर फासला. कापडावर जवळपास कोणी लावलाच नाही.

आता 1815 कडे येऊ, कारण आज जी चित्रं इंटरनेटवर सर्वांत जास्त फिरतात त्यांतली कित्येक त्या वर्षीची आहेत. सॅम्युअल रश मेरिक आणि चार्ल्स हॅमिल्टन स्मिथ या दोघांनी ब्रिटिश बेटांच्या मूळ रहिवाशांच्या पोशाखांवर एक देखणं पुस्तक काढलं. सुरुवातीपासून सहाव्या शतकापर्यंतचे पोशाख, रंगीत अ‍ॅक्वाटिंट (तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने कोरून छापलेली चित्रं), छपाई रॉबर्ट हॅवेलची. त्यात 'आतल्या मुलखातला ब्रिटन' आहे, म्हणजे सीझरचा तो कातडीवाला. न्यायासनाच्या पोशाखातला मुख्य ड्रुइड आहे, रोमनांविरुद्ध उठलेली बूडिका राणी आहे आणि पडदे, निशाणं लावून सजवलेल्या स्टोनहेंजमधला भव्य उत्सव आहे. मासेमारी आणि शेती यांना मिळून एक चित्र आलं आहे.

मेरिकला हसणं सोपं आहे. मला ते अन्यायाचं वाटतं. तो कष्टाळू माणूस होता, ग्रीक-लॅटिन ग्रंथ, वेल्श कवनं, आयर्लंडमध्ये सापडलेले सोन्याचे दागिने, सगळं त्याने जमवलं. त्याच्या हातात काळाची पट्टी मात्र नव्हती. दगड, कांसं आणि लोखंड अशी युगांची मांडणी कोपनहेगनच्या संग्रहालयात थॉमसनने बसवायला घेतली ती 1816 नंतर. त्याआधी ख्रिस्तपूर्व सगळा काळ म्हणजे एक मोठं पोतं होतं आणि त्यात हात घालून जे लागेल ते एकाच माणसाच्या अंगावर चढत असे. म्हणून मेरिकच्या ड्रुइडाच्या छातीवर जे सोन्याचं आभूषण आहे त्याच्या जातीचे आयरिश नमुने इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या आसपासचे निघाले. त्याचा पांढरा झगा रोमन लेखक प्लिनीच्या पहिल्या शतकातल्या वर्णनातला, तेही गॉल देशाबद्दलचं (म्हणजे आजच्या फ्रान्सबद्दलचं). आणि तो ज्या स्टोनहेंजशी जोडला गेला तिथले मोठे दगड उभे राहिले इसवी सनापूर्वी 2500 च्या सुमारास, म्हणजे ड्रुइडांचा कुठलाही लेखी उल्लेख येण्याच्या दोन हजारांहून अधिक वर्षं आधी. स्टोनहेंज ड्रुइडांच्या नावावर चढवण्याचं काम विल्यम स्टुकलीने 1740 मध्येच करून ठेवलं होतं.

त्या काळच्या लंडनमध्ये अशा पोशाखांच्या पुस्तकांचा बाजारच होता. चीनचे पोशाख, तुर्कस्तानचे पोशाख, रशियाचे पोशाख. मेरिकच्या दहा वर्षं आधी, 1804-05 मध्ये, एडवर्ड ऑर्म नावाच्या प्रकाशकाने हिंदुस्थानातल्या पोशाखांच्या 60 रंगीत प्लेटा विकायला काढल्या. त्या बाल्तझार सॉल्विन्स या चित्रकाराने कलकत्त्यात राहून केलेल्या चित्रांवरून उचललेल्या होत्या. हॅवेलच्याच कारखान्याने 1820 मध्ये हिमालयाची चित्रं छापली. तेच कारागीर, तीच गिऱ्हाइकं, तीच मांडणी: एका पानावर एक माणूस, मागे थोडा देखावा, खाली नाव. हा दूरच्या देशातला, तो दूरच्या काळातला, एवढाच फरक.

एक फरक आणखी आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. सॉल्विन्सच्या पानांवरचे हिंदुस्थानी लोक जात आणि धंदा यांवरून ओळखले जातात. सुतार, लोहार, विणकर, प्रत्येकाच्या हातात त्याचं हत्यार. त्यांना कामापलीकडे दुसरी ओळखच नाही. प्राचीन ब्रिटनांच्या पानांवर याच्या नेमकं उलटं: योद्धा, पुरोहित, राणी, न्यायाधीश, भाट. ढाल आहे पण ती ठोकणारा नाही, झगा आहे पण विणणारी नाही. हयात माणसांना हत्यारात कोंडलं आणि मेलेल्यांच्या हातून हत्यार काढून घेतलं. गिऱ्हाइकाला आपल्या पूर्वजांत भीषणपणा चालत होता, भव्यपणा तर हवाच होता. घाम नको होता.

या चित्राचा हिंदुस्थानाशी संबंध प्लेटांच्या बाजारापुरता राहिला नाही. 1838 मध्ये चार्ल्स ट्रेव्हेल्यनने हिंदी लोकांच्या शिक्षणावर पुस्तक लिहिलं. हा मेकॉलेचा मेहुणा आणि इंग्रजी शिक्षणाचा खंदा पुरस्कर्ता. त्यात त्याने रोमन इतिहासकार टॅसिटसचा दाखला दिला आहे, की रोमन सुभेदार अ‍ॅग्रिकोलाने ब्रिटनमधल्या सरदारांच्या मुलांना रोमची विद्या शिकवण्याचं धोरण ठेवलं होतं. आपण एके काळी रोमनांपुढे जिथे उभे होतो तिथेच हिंदी लोक लवकरच आपल्यापुढे उभे राहतील अशी आशाही त्याने व्यक्त केली. द ब्रायच्या पाच पिक्टांनी 1590 मध्ये व्हर्जिनियासाठी जे काम केलं तेच अडीचशे वर्षांनी आपल्यासाठी झालं. गंमत म्हणजे टॅसिटसने त्याच ठिकाणी पुढे लिहिलं आहे, की भोळे लोक ज्याला संस्कृती समजत होते तो त्यांच्या गुलामीचाच भाग होता. ट्रेव्हेल्यनला ते पुढचं वाक्य उपयोगाचं नव्हतं.

हे सगळं जुनं झालं, आज त्याचं काय, असं कोणी म्हणेल. लंडनला वेस्टमिन्स्टर पुलापाशी जाऊन पाहावं. तिथे बूडिकाचा रथ आहे, टॉमस थॉर्निक्रॉफ्टने घडवलेला, 1902 मध्ये बसवलेला. राणी दोन मुलींसह उभी, घोडे उधळलेले, चाकांना लांब पाती. ब्रिटनमध्ये रथासह पुरलेल्या बऱ्याच कबरी उघडल्या गेल्या, त्यांतल्या एकाही चाकाला पातं निघालं नाही. खरी मौज चौथऱ्यावर आहे. सीझरला ठाऊकही नव्हते अशा मुलखांवर तुझे वंशज राज्य करतील, या अर्थाच्या इंग्रज कवी कूपरच्या ओळी तिथे कोरल्या आहेत. रोमन साम्राज्याविरुद्ध उठलेली, फटके खाल्लेली, जिच्या मुलींवर अत्याचार झाले ती बाई साम्राज्याची कुलदेवता होऊन पार्लमेंटसमोर उभी आहे. कातडीवाला निळा माणूस म्हणतो, आम्हाला सुधारलं म्हणून आम्ही सुधारणार. रथावरची राणी म्हणते, आमच्या रक्तातच राज्य आहे. दोन्ही चित्रं एकाच साम्राज्याच्या कामी आली.

वेल्समधल्या ड्रुइडांचं थोडं वेगळं आहे आणि इथे माझा आग्रह सैल होतो. योलो मोर्गानुग या अफाट कल्पक (आणि अफाट खोटे दस्तऐवज रचणाऱ्या) गृहस्थाने 1792 मध्ये लंडनच्या प्रिमरोझ हिलवर भाटांची सभा भरवली आणि ती प्राचीन असल्याचं सांगितलं. 1819 पासून ती वेल्सच्या साहित्य-संगीत उत्सवाला जोडली गेली. आज तिथे पांढरे, निळे, हिरवे झगे घालून मिरवणूक निघते, मुख्य ड्रुइडाच्या डोक्यावर ओकच्या पानांचा मुकुट असतो, आणि तो साज एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ह्यूबर्ट फॉन हेर्कोमर या चित्रकाराने आखलेला आहे. इतिहास म्हणून हे सगळं बनावट. पण दोनशे वर्षं एका दबलेल्या भाषेचे कवी त्या झग्यात सन्मान घेत आले, तेव्हा तो झगा आता त्यांचा झाला. मिरवणुकीला कोणी पाठ्यपुस्तक समजत नाही, तोवर माझी काही तक्रार नाही.

आता कामाकडे वळतो. नॉरफकमध्ये स्नेटिशॅम गावाजवळ 1948 मध्ये नांगराला सोनं लागलं आणि 1950 मध्ये तिथेच गळ्यात घालायचं एक जाड कडं निघालं. आपल्याकडच्या सरीच्या जातीचं, पण वजन किलोहून जास्त. सोन्यात चांदी मिसळून सुमारे दोन मिलिमीटर जाडीच्या चौसष्ट तारा केल्या, आठ-आठ तारांचे आठ पीळ घातले, मग ते पीळ एकमेकांत वळले आणि दोन्ही टोकांना पोकळ, नक्षीदार कड्या बसवल्या. हे इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या आसपासचं काम, आणि हा सगळा मुलूख पुढे ज्यांची बूडिका राणी झाली त्या आयसेनी लोकांचा. बूडिकाच्या गळ्यात सोन्याचं मोठं कडं, अंगात अनेकरंगी झगा आणि वर पिनेने अडकवलेलं जाड पांघरूण होतं, असं रोमन इतिहासकार कॅसियस डिओने दीडशेच्या आसपास वर्षांनी लिहिलं. चित्रकारांनी हे कडं गळ्यात घातलं, पण त्या चौसष्ट तारा कोणी, कशा प्रकाशात, किती वेळा तापवून आणि निववून केल्या असतील, हे चित्र मी कुठल्या जुन्या पोशाखपुस्तकात पाहिलेलं नाही.

1857 मध्ये थेम्समधून बॅटरसीला कांस्याची ढाल निघाली, वर लाल काचेची मीनाकारी. तिचा पत्रा इतका पातळ, की ती लढायला नसून मिरवायला किंवा नदीला अर्पण करायला केली असावी असं मानतात. 1826 मध्ये विथम नदीत दुसरी ढाल सापडली होती, आणि ती पुढे खुद्द मेरिकच्या संग्रहात आली. आज दोन्ही ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. मेरिकला हा अस्सल माल पुस्तक छापून झाल्यावर दहा-पंधरा वर्षांनी मिळाला. आधी मिळता तर त्याच्या प्लेटा वेगळ्या झाल्या असत्या, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

आणि कापड? ब्रिटनच्या बहुतेक मातीत ते कुजून जातं, म्हणून उघड्या माणसाच्या चित्राला इतकी वर्षं कोणी हरकत घेऊ शकलं नाही. पण यॉर्कशरच्या पूर्व भागातल्या लोहयुगीन कबरींत पांघरुणाच्या लोखंडी पिनांवर चढलेल्या गंजात कापडाची वीण जशीच्या तशी उमटून राहिली आहे. टकळीच्या चकत्या, मागाची वजनं, बाणा ठोकून बसवायच्या हाडाच्या फण्या या तर वस्तीवस्तीतून निघतात. पीटरबरोजवळ मस्ट फार्म इथे इसवी सनापूर्वी 850 च्या सुमाराची, पाण्यावर खांब रोवून बांधलेली वस्ती 2015-16 मध्ये उकरली गेली. बांधून वर्ष होतं न होतं तोच ती जळून पाण्यात कोसळली होती, म्हणून टिकली. तिथे तागासारख्या जवसाच्या धाग्याचं अतिशय तलम विणकाम, धाग्यांचे गुंडे, रिळं असं सगळं करपलेल्या अवस्थेत मिळालं. हे सीझरच्या आठशे वर्षं आधीचं. आठशे वर्षं आधी इतकं बारीक सूत कातणाऱ्या मुलखात सीझरच्या काळी लोक निव्वळ कातडी पांघरत होते हे मानायला मला तरी जड जातं.

चेशरच्या दलदलीत 1984 मध्ये सापडलेला लिंडो मॅन आठवावा. दाढी कातरीने कापलेली, नखं नीटनेटकी, दंडाला कोल्ह्याच्या फरची पट्टी. सीझरच्या वर्णनातला दाढी भादरून फक्त मिशी राखणारा ब्रिटन तो नव्हे. पट्टी सोडली तर अंगावर काही नव्हतं हे खरं, पण ज्याच्या डोक्यात घाव घातला आणि गळा आवळून ज्याला दलदलीत टाकलं त्याच्यावरून रोजचा पोशाख ठरवता येत नाही.

कामापासून चित्र काढता येतं याचा दाखला शंभर वर्षांपूर्वीच मिळाला आहे. आर्थर बुलाइड यांनी 1892 मध्ये सॉमरसेटमध्ये ग्लास्टनबरीजवळ पाणथळीतलं लोहयुगीन गाव शोधलं. चिखलाने लाकूडही राखलं होतं: टोपल्या, चाकांचे भाग, लेथवर फिरवून केलेल्या वस्तू, ओंडक्याची होडी, विणकामाच्या फण्या, जुगाराचे फासेसुद्धा. 1911 मध्ये 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'ने अमेदे फोरेस्तिए या चित्रकाराकडून या गावाची चित्रं काढवली, बुलाइड यांच्या माहितीवरून. कपडे घातलेली माणसं, कामात गुंतलेली. मथळ्याचा रोखच असा होता, की जुन्या इतिहासपुस्तकांतला निळं फासलेला रानटी तो हा नव्हे. त्या चित्रांतही चुका असतील, चेहरे तर कल्पनेचेच. पण हातातली जवळजवळ प्रत्येक वस्तू खणून निघालेली होती.

याच फोरेस्तिएने याच साप्ताहिकासाठी 1922 मध्ये आणखी एक चित्र काढलं. अमेरिकेत नेब्रास्कामध्ये एक दात सापडला होता, तो आदिमानवाचा म्हणून गाजत होता. शरीररचनाशास्त्रज्ञ ग्राफ्टन एलियट स्मिथ यांच्या पाठिंब्यावर फोरेस्तिएने त्या एका दातावरून अख्खा पुरुष, अख्खी बाई, त्यांचा प्रदेश आणि प्राणी रंगवले. 1927 पर्यंत स्पष्ट झालं, की दात पेकारी नावाच्या डुकरासारख्या जनावराचा होता. माणूस तोच, हात तोच, सफाई तीच. एका चित्रामागे गावभर पुरावा होता आणि दुसऱ्यामागे एक दात, पण दोन्ही चित्रं बघणाऱ्याला सारखीच खात्रीची दिसतात. रोग इथे आहे. जे मिळालं ते, जे वाचलं ते आणि जे सुचलं ते, सगळं एकाच ब्रशने, एकाच ठामपणे रंगवलं जातं.

नव्या विज्ञानानेही हा रोग गेलेला नाही. 2018 मध्ये चेडर मॅनचा मुखवटा लोकांपुढे आला, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीचा माणूस, काळसर कातडी, निळसर डोळे. ब्रिटनमध्ये त्यावरून केवढा गदारोळ झाला. जनुकांवरून कातडीचा रंग सांगणं हा संभाव्यतेचा हिशेब असतो, पण मुखवट्याला एकच रंग द्यावा लागतो. मग एका बाजूला तो रंग पवित्र ठरतो, दुसऱ्या बाजूला कटकारस्थान. संभाव्यता दोघांच्याही हातून निसटते.

फुटकं मडकं जोडताना संग्रहालयातला कारागीर हरवलेल्या तुकड्याच्या जागी प्लास्टर भरतो आणि त्याची छटा मुद्दाम जरा वेगळी ठेवतो, म्हणजे मूळ किती आणि भर किती हे जवळून पाहणाऱ्याला कळतं. मडक्याच्या बाबतीत जी शिस्त आपण पाळतो ती माणसाच्या चित्राला का नको? स्नेटिशॅमचं कडं पूर्ण रंगात यावं, ते वळणारे हात यावेत, शेगडी आणि चिमटे त्या काळच्या अवजारांवरून यावेत. झग्याची वीण माहीत आहे पण शिवण नाही, तर वीण दाखवावी आणि झगा नुसत्या रेषेत ठेवावा. चेहरा पाठमोरा चालेल. असं अर्धंमुर्धं चित्र मुलांना आवडत नाही, असं पुस्तकं काढणारे म्हणतात. मला ते पटत नाही. यातलं खरं सापडलेलं कुठलं, हे मुलं आपण होऊन विचारतात. उत्तर द्यायची सोय चित्रात नसते.

मोठी अडचण पैशाची आणि हक्कांची आहे, ती कोणी बोलत नाही. मेरिकच्या प्लेटा स्वामित्वहक्काबाहेर गेल्याला जमाना झाला, द ब्राय तर त्याहून जुना. कोणीही उचलावं, कुठेही छापावं. ब्रिटिश म्युझियमचं छायाचित्र अभ्यासासाठी, घरगुती वापरासाठी मोफत मिळतं, पण विकायच्या पुस्तकात घालायचं तर परवानगी आणि शुल्क आलं. चांगल्या पुरातत्त्वीय पुनर्रचनांवर चित्रकाराचा हक्क असतो, आणि तो असायलाच हवा. परिणाम असा, की घाईतला प्रकाशक फुकटचं 1815 उचलतो, आणि चित्रं बनवणारी यंत्रं ज्या ढिगाऱ्यावर शिकतात त्यातही हीच फुकटची चित्रं ठासून भरलेली असतात. तेव्हा ज्या संग्रहालयांकडे स्नेटिशॅम, बॅटरसी, ग्लास्टनबरी आणि मस्ट फार्मच्या वस्तू आहेत त्यांनी चित्रकारांना चोख मोबदला देऊन कारागिरीची चित्रं काढून घ्यावीत आणि ती व्यापारी वापरासकट खुली करावीत. जुन्या प्लेटांच्या प्रती वाटताना त्यांच्या नावात वर्ष घालावं: 'प्राचीन ब्रिटन' नव्हे, '1815 मध्ये कल्पिलेला ब्रिटन'. हे दुसरं काम करायला तर पैसेही लागत नाहीत, यादीतली एक ओळ बदलावी लागते.